दार उघडं ठेवून केलेली प्रार्थना

पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आल्या, तेव्हा पाच वर्षांची व्हायला आलेली मनोरमा त्यांच्यासोबत होती. आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळणार होती, त्या समारंभासाठी त्या इंग्लंडहून बोटीने आल्या होत्या. थोडे दिवस राहायचं आणि परत जायचं, असा बेत. प्रत्यक्षात अमेरिकेतला मुक्काम अडीच वर्षांच्या वर लांबला. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असंच झालेलं आहे, त्यामुळे हे वाचलं की लगेच ओळखीचं वाटतं!

मी याच शहराच्या जवळ गेली नऊ वर्षं राहतो. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरची. मूळ गाव नगर, घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. इथल्या मराठी कार्यक्रमांत आनंदीबाईंचं नाव अभिमानाने निघतं, आणि निघायलाच हवं. रमाबाईंचं निघतं ते त्यांच्या पाहुण्या म्हणून, नाहीतर विधवांसाठी शाळा काढणाऱ्या समाजसुधारक म्हणून. ही बाई आयुष्याचा मोठा भाग प्रार्थनेत घालवत होती आणि तिचं बाकीचं काम त्यातूनच उभं राहिलं, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं.

आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं दर शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर प्रार्थनेला जमतो. कोणी न्यू जर्सीत, कोणी टेक्सासमध्ये, एक कुटुंब दुबईत. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका काकूंनी सरळच विचारलं, की आपली प्रार्थना म्हणजे ऑफिसातल्या सोमवारच्या मीटिंगसारखी का वाटते? व्हिसा, नोकरी, आईबाबांची तब्येत, मुलांची परीक्षा. यादी वाचायची, आमेन म्हणायचं, कॉल बंद. त्यावर बरंच बोलणं झालं आणि शेवटी ठरलं, की काही आठवडे रमाबाईंचं चरित्र वाचायचं. पुढचं सगळं त्या वाचनातून आलेलं आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून त्या काळात लोकांचा रोष ओढवून घेतला. लक्ष्मीबाईंनी तेच संस्कृत मुलीला शिकवलं. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचं. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगर उतरवलं होतं. पुढची कितीतरी वर्षं देवळांमध्ये, घाटांवर पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं, पुढच्या तीर्थाकडे चालायचं. वयाच्या विशीपर्यंत भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना पाठ होते.

म्हणजे त्यांना प्रार्थनेची सवय नव्हती असं अजिबात नाही. जप, उपास, पारायण, पहाटेचं स्नान हे सगळं त्यांनी आपल्यापेक्षा शंभरपट केलं होतं. मग १८७० च्या दशकातला मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. पैसे संपले, भांडी विकली, झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील १८७४ मध्ये गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. हे दोघं पायी हजारो मैल फिरले. शास्त्रात सांगितलेलं सगळं करूनही उत्तर आलं नाही, हा सल त्या फिरण्यात बरोबर होता. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या प्रार्थनेचा पाया इथे आहे. ज्याला कधी रिकाम्या आभाळाकडे हाक मारावी लागलेली नाही, त्याला रमाबाई नीट कळणार नाहीत.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्याच कलकत्त्यातला दुसरा प्रसंग फारसा कोणाला माहीत नसतो. बहीणभावाला एका ख्रिस्ती मेळाव्याचं आमंत्रण आलं. तिथे चहा-बिस्किटं होती, गाणी झाली, आणि मग सगळे लोक उठून आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटले. या दोघांना वाटलं, ही माणसं खुर्च्यांची पूजा करतात! समोर मूर्ती नाही, चित्र नाही, मग नमस्कार कोणाला? रमाबाईंनी ही आठवण पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. आमच्या शनिवारच्या कॉलवर सगळे खूप हसले. मग एक जण म्हणाला, की आपल्या मुलांना आपण लॅपटॉपची पूजा करताना दिसत असू.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो. १८८० मध्ये श्रीनिवास गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले. चोवीस वर्षांच्या होण्याआधीच आईवडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल आणि स्त्री डॉक्टरांच्या गरजेबद्दल साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण होऊ शकलं नाही. वाँटेज इथल्या मठभगिनींच्या आश्रयाला असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या आणि शिकवलंही.

परदेशात राहणाऱ्यांना या काळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपला वेश, आपला आहार बदलला नाही. शाकाहारी होत्या, शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नको, असा त्यांचा प्रश्न होता. मठातल्या भगिनींना ही बाई हट्टी वाटे. मला तर हा हट्ट प्रार्थनेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो. दिवसभर इंग्रजीत कोड लिहून, इंग्रजीत भांडून झाल्यावर रात्री देवाशीही इंग्रजीतच बोलायचं, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना अंगवळणी पडलं आहे. माझी आजी मराठीत प्रार्थना करायची तेव्हा प्रभू शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटायचा.

अमेरिकेत रमाबाईंनी व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते १८८७ मध्ये फिलाडेल्फियात छापलं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदत करण्याचं मान्य केलं. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती ११ मार्चला, आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू केलं. आनंदीबाई तोपर्यंत हयात नव्हत्या. तारखांचा हा मेळ योगायोग असेलही, पण मला तसं मानवत नाही.

आता इथून गोष्ट खरी सुरू होते.

शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. काम चांगलं चाललं होतं, नाव झालं होतं. आणि याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या हातात विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र पडलं. हा माणूस वर्षानुवर्षं चर्चमध्ये उपासना चालवत होता आणि मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं होतं, की आपण ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला आपण ओळखत नाही. रमाबाईंना त्यात स्वतःचं चित्र दिसलं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यातली मतं तपासली होती, बिशपांपर्यंत वाद घातले होते. पण ख्रिस्त स्वतः आपल्याला भेटलेला नाही, असा निर्वाळा त्यांनी स्वतःविषयी दिला. मग त्यांनी शास्त्र पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी वादासाठी नाही. आणि त्यांची प्रार्थना बदलली. आपण काहीतरी पुरेसं केलं तर देव ऐकेल, ही लहानपणापासून पाठीशी असलेली धारणा सुटली. आहे तशी मी तुझ्यापुढे आले आहे, एवढंच उरलं.

आमच्या गटात या भागावर आम्ही तीन शनिवार थांबलो. कारण आमच्यातले बहुतेक जण जन्माने ख्रिस्ती. बाप्तिस्मा झाला तेव्हा दातही आलेले नव्हते. इतक्या विद्वान बाईला आठ वर्षांनंतर नव्याने सुरुवात करावी लागली, हे वाचून निराश व्हायचं का? आम्हाला उलट धीर आला. कोरडी प्रार्थना म्हणजे सगळं संपलं असं नाही, हे कोणीतरी आधी जगून दाखवलेलं आहे.

प्रार्थना खोल गेली तशी ती लपवणं रमाबाईंना जमेना. शारदा सदनाचा नियम स्पष्ट होता, मुलींवर धर्माची सक्ती नाही. तिथे हिंदू मुली आपले सोवळे-ओवळे, आपली पूजा पाळू शकत होत्या. रमाबाई मात्र आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन रोज प्रार्थना करायच्या, आणि खोलीचं दार बंद करायच्या नाहीत. काही मुली येऊन दाराशी बसू लागल्या. मग आत येऊन बसू लागल्या. कोणी बोलावलं नाही, कोणी हाकललंही नाही.

पुण्यात गदारोळ झाला. केसरीने झोड उठवली. सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. ती काही रमाबाईंची शत्रू नव्हती. पालकांनी मुली पाठवल्या त्या धर्म बदलणार नाही या विश्वासावर, आणि तो विश्वास आपण दिला आहे, ही त्यांची अडचण खरी होती. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी सक्ती करणार नाही, पण माझ्याच घरात माझ्या देवाशी चोरून बोलणारही नाही. ज्या मुली पोथी वाचतात त्यांना मी अडवत नाही, मग ज्या माझ्याजवळ येऊन बसतात त्यांना का अडवू? १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. पंचवीसएक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. संस्था बुडते की काय अशी वेळ आली. एक दार लोटून घेतलं असतं तर हे सगळं टळलं असतं. रमाबाईंनी ते लोटलं नाही.

मी हा प्रसंग वाचला त्या आठवड्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीने मला विचारलं, की बाबा, तू डोळे मिटून काय करत होतास? मी सहसा पहाटे, घर उठायच्या आधी प्रार्थना करतो, कारण तेवढाच वेळ मिळतो. भारतातल्या टीमबरोबरचे कॉल साडेसातला सुरू होतात. तिने मला रोज कॉलवर बोलताना पाहिलं आहे, देवाशी बोलताना क्वचितच. आता बेडरूमचं दार अर्धं उघडं असतं. कधी ती येते, मांडीवर बसते, मध्येच दूध मागते. प्रार्थना तुटते, पुन्हा जोडली जाते. शारदा सदनातही मुली मधेच काही मागत असतीलच की!

नंतरची एक गोष्ट खास इंजिनिअर लोकांसाठी. १८९० च्या दशकाच्या मध्यात लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं प्रार्थना शिबिर भरायचं. तिथे रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. या पंधराजणी स्वखुशीने ख्रिस्ताकडे वळलेल्या होत्या. एके दिवशी सूर्य उगवायच्या आधी रमाबाई एकट्याच रानात गेल्या आणि देवाचे आभार मानता मानता त्यांनी एक विलक्षण मागणी केली. या पंधराचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. सदनात तेव्हा जेमतेम पन्नास मुली! आपण प्रार्थनेत असं किती अघळपघळ बोलतो, की देवा, सगळ्यांचं भलं कर. ही बाई आकडा सांगून मागत होती.

उत्तर आलं ते दुष्काळाच्या रूपाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसं भुकेने मरू लागली. रमाबाईंना आपल्या आईवडिलांचा दुष्काळ आठवला. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, या मुलींना शहरात ठेवता येईना. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी आधी शंभरएक एकर जमीन घेऊन ठेवली होती, फळबाग करून सदनाचा खर्च भागवण्यासाठी. तिथे तंबू पडले, आणि ते मुक्ती सदन झालं. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

एवढ्या माणसांना रोज जेवायला घालायचं. बॉस्टनच्या मदतीची दहा वर्षं १८९८ मध्ये संपली, नवी संस्था झाली, पण ठरलेली रक्कम मिळेल अशी खात्री राहिली नाही. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. तो अनाथाश्रम चालवायचा आणि गरज लागली की माणसांकडे न मागता देवाकडे मागायचा. त्या मार्गाने जायचं त्यांनी ठरवलं. म्हणून त्या नुसत्या डोळे मिटून बसल्या असं नाही. शेती, विहिरी, गाई, हातमाग, तेलघाणा, छापखाना, सगळं मुलींना शिकवून उभं केलं. आमच्या कॉलवर एकाने शंका काढली, की प्रार्थनेवर विश्वास असेल तर एवढी धडपड कशाला? टेक्सासच्या काकू म्हणाल्या, की आई देवाजवळ रोजची भाकर मागायची आणि मग उठून पीठ मळायची. विषय तिथेच मिटला.

१९०५ बद्दल थोडं सावकाश सांगतो, कारण जगभरच्या ख्रिस्ती लोकांना केडगाव माहीत झालं ते या वर्षामुळे. वेल्समध्ये मोठं आत्मिक संजीवन झाल्याच्या बातम्या येत होत्या. जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीत सांगितलं, की आपल्याकडेही असं व्हावं म्हणून रोज सकाळी खास प्रार्थनेला कोण येईल? सुमारे सत्तरजणी आल्या. रोज. काही घडलं नाही. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. घडत काही नव्हतं, पण बसणाऱ्या वाढत होत्या. जूनपर्यंत पाचशेच्या वर गेल्या. मग जूनच्या अखेरीला एका पहाटे मुलींच्या खोलीत सुरुवात झाली. कोणी रडत होतं, कोणी आपली पापं मोठ्याने कबूल करत होतं, कोणी एकमेकींची क्षमा मागत होतं. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात योहानाच्या शुभवर्तमानातला भाग समजावून सांगत होत्या, तर सगळ्याच मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

असा आरडाओरडा रमाबाईंच्या स्वभावात नव्हता. बाहेरच्या लोकांनी टीकाही खूप केली. त्यांनी तो दाबला नाही, आणि सगळ्यांनी असंच करावं असंही कधी म्हटलं नाही. यानंतर मुक्तीतल्या मुली गट करून आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. माणसांची नावं घेऊन प्रार्थना करायची पद्धतही होती. मुलींना नावं वाटून दिलेली असत, आणि ओळखपाळख नसलेल्या हजारो लोकांसाठी रोज नाव घेऊन मागणं होई. दुष्काळात टाकून दिलेली, जिचं स्वतःचं नाव कोणी विचारलं नव्हतं अशी मुलगी दुसऱ्या कोणाचं तरी नाव देवापुढे घेते, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

आम्ही त्यातून एवढंच उचललं. प्रत्येक कुटुंबाकडे आता पाच नावं आहेत, आपल्या नात्यातली नसलेली. त्यात एक जण इथला शेजारी हवा, आणि एक जण असा हवा की ज्याच्याबद्दल मनात अढी आहे. पहिली चार सोपी जातात. शनिवारी आधी ही नावं, मग व्हिसा आणि परीक्षा. कॉल तेवढ्याच वेळाचा आहे, पण कोणी घड्याळ बघत नाही.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांत त्यांचा बराच वेळ पवित्र शास्त्राच्या भाषांतराला लागला. उपलब्ध मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला जड जातं, असं त्यांचं मत होतं. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असलेल्या पंडितेने संस्कृत शब्द टाळून साधी मराठी शोधायची, हा त्यागच म्हणायचा. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका होत्या. हे काम दीड दशकाहून जास्त चाललं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. फिलाडेल्फियाला आईचं बोट धरून आलेली ती मुलगी तेव्हा मुक्तीचा उजवा हात झालेली होती, आणि आईनंतर सगळं तिनेच सांभाळायचं असं धरलेलं होतं. रमाबाईंनी त्यानंतरही भाषांतराचं काम सोडलं नाही. ऐकू जवळजवळ येत नव्हतं, तब्येत ढासळलेली होती. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला त्यांनी देह ठेवला. संपूर्ण शास्त्र छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

केडगाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे, आणि मुक्तीचं काम आजही चालू आहे. या डिसेंबरमध्ये सुट्टीला येऊ तेव्हा नगरला जाताना आम्ही तिथे थांबणार आहोत. मुलीने आत्ताच विचारून ठेवलंय, की त्या बाईंची खोली बघायला मिळेल का, आणि तिचं दार अजून उघडं असतं का.